पिंजरेनं आखलेलं इंजिन

लखनौचा जेठ महिना म्हणजे काय, हे महाराष्ट्रात बसलेल्या माणसाला सांगून पटत नाही, आणि मी सांगितलं तर मुळीच पटत नाही. तरी सांगतो. दुपारी विकास नगरच्या रस्त्यावर स्वतःची सावलीसुद्धा आपल्याबरोबर यायला तयार नसते. ती जिन्याखाली बसून राहते आणि संध्याकाळी आपण परतलो की गुपचूप पायाला चिकटते. नळाला थेट चहा येतो, पत्ती आणि साखर तेवढी आपली. लू, म्हणजे इथला झळांचा वारा, सुटली की तारेवरचं कबुतर एका बाजूनं भाजलं जातं आणि स्वतःच कूस बदलतं.

अशा दिवसांत कूलरवाला भैया येतो. वर्षभराच्या काळ्या पडलेल्या जाळ्या उपसून फेकतो, नवी खस, म्हणजे आपला वाळा, ठोकून बसवतो आणि पंप सुरू करतो. पहिलं पाणी त्या कोरड्या मुळांवरून उतरलं की घरभर वास सुटतो. सुनंदा, म्हणजे आमची सौभाग्यवती, पोळपाट-लाटणं टाकून कूलरसमोर डोळे मिटून उभी राहते. ईरा, आमची लेक, "हाय, जन्नत!" म्हणून सोफ्यावर आडवी होते. मी मात्र खाली फरशीकडे बघत बसतो. सगळ्यांना त्या वासात ओली माती येते, मला त्याच्या पाठीमागून तापलेल्या अॅल्युमिनियमचा वास येतो. गोडसर, तोंडात नाणं धरल्यासारखा. आणि माझे कान गरम होतात. कूलर समोर असताना कान गरम होणारा साऱ्या अवध मुलखात मी एकटाच असेन.

माझ्या बोलण्याबद्दल आधीच सांगून टाकलेलं बरं. सुनंदानं नव्या माणसांसाठी एक नियम करून ठेवला आहे. "ह्यांनी वाघ म्हटलं की मांजर समजायचं. मांजर म्हटलं की काहीतरी हललं असेल, एवढंच समजायचं." एका संशोधन संस्थेच्या वर्कशॉपमध्ये मी सूक्ष्मदर्शकं दुरुस्त करतो. केसाच्या शंभराव्या भागाशी दिवसभर व्यवहार असला की संध्याकाळी माणसाला मोठं काहीतरी बोलावंसं वाटतं, अशी माझी माझ्यापुरती समजूत आहे. इथल्या मराठी मंडळात मी सांगून बसलो होतो की कॉलेजात असताना एका मोटरसायकलच्या इंजिनाचं हेड मी असं काही घासलं की ती स्वाराशिवाय मिरजेला गेली आणि पेट्रोल भरून परत आली. मंडळी हसायची. मीही हसायचो. पण सांगता सांगता त्यातलं थोडं मलाच खरं वाटू लागलं होतं. खरं म्हणजे मी तोवर एकही हेड उतरवलेलं नव्हतं. फोनवर लोकांनी उतरवलेली पुष्कळ पाहिली होती.

मंडळात सुभेदार घोरपडे होते. छावणीत नोकरी, मूळचे कोरेगावकडचे, अंगानं काटक. स्तुतीचा त्यांच्याकडचा सर्वांत वरचा शब्द "बरं हाय." ताजमहाल पाहून आले तेव्हा आम्ही सगळे भोवती जमलो, तर म्हणाले, "पांढरा हाय. बरा हाय." हा माणूस कधी एक दाणासुद्धा वाढवून सांगायचा नाही. त्यामुळे मंडळात कुठलाही वाद झाला, लिंबू-चमच्यात आधी कोण पोचलं, गेल्या वर्षी मोदक कोणाकडून आले होते, की सगळे त्यांच्याकडे वळायचे. ते एक वाक्य बोलायचे आणि सचिव परांजपे काका हात झटकायचे. "घोरपडे म्हणाले ना? संपलं." मला त्या "संपलं"चा हेवा वाटायचा. मी अर्धा तास बोलून जे होत नसे, ते या गृहस्थाच्या तीन शब्दांत होत असे.

त्यांची बदली सीमेवर झाली. लतावहिनी इथंच, कुटुंबांच्या क्वार्टरमध्ये वरच्या मजल्यावर राहिल्या. तिथं गाडी ठेवायला आडोसा नव्हता, म्हणून त्यांची धडधडणारी साडेतीनशे सीसीची मोटरसायकल माझ्या जिन्याखाली आली. जाताना टाकीवर हात ठेवून म्हणाले, "दादा, दोन-चार दिसांनी एक किक मारा. बाकी कायबी करू नगा."

मी किक मारत राहिलो. आणि किक मारता मारता मला त्या इंजिनाचा श्वास कोंडल्यासारखा वाटू लागला. हे कसं, ते सांगतो. इंजिनाच्या डोक्यावर अॅल्युमिनियमचा एक ठोकळा असतो, त्याला हेड म्हणतात. त्यात दोन वाटा, म्हणजे पोर्ट. एकीतून हवा आणि पेट्रोल आत जातं, दुसरीतून धूर बाहेर येतो. कारखान्यातून ओतून आलेल्या या वाटा आतून खरबरीत असतात, कुठं उंचवटा, कुठं पायरी. त्या हातानं घासून सारख्या करायच्या म्हणजे इंजिन मोकळं श्वास घेतं. याला पोर्टिंग म्हणतात. ऐकायला सोपं आहे. घसा साफ करण्याइतकं.

मे महिन्यात त्यांचा फोन आला. लाइन सारखी तुटत होती.

"सुभेदार, तुमची गाडी दमलीय. मी हेड उतरवतो, आतून साफ घासतो. तुम्ही याल तेव्हा तिला लगाम बांधावा लागेल!"

"न्हाय दादा. चांगली चालतीया."

"अहो, तुम्हाला सवय झालीय. आत नुसती गुदमरतेय ती."

"ऱ्हाऊ द्या. हाय ते बरं हाय." मग जरा थांबून, "ह्या सुट्टीत लताला मलिहाबादला न्यायचंय. दशहरी आंब्याच्या बागंत. लई वर्सं म्हनतीया. तेवढं झालं म्हंजे झालं."

इतका स्पष्ट नकार मला आयुष्यात फार कमी लोकांनी दिला असेल. पण मला त्यात भिडस्त माणसाचा होकार ऐकू आला. फोन ठेवला आणि सुनंदाला म्हणालो, "घोरपडे गहिवरले."

त्या दिवसांतल्या दुपारी आठवतात. खिडकीबाहेर पांढरं ऊन, आत कूलरची घरघर, आणि जेवणाच्या टेबलावर जुन्या चादरीवर ठेवलेलं ते हेड, पंख्यासारख्या पात्या पसरलेलं, उलटं. बाहेरच्या व्हरांड्यात हात भाजत होता, म्हणून मी दुकान थेट कूलरसमोर मांडलं. हातात छोटा ग्राइंडर, त्याच्या टोकाला दातेरी गोळी. बटण दाबलं की दंतवैद्याकडे गेल्याचा आवाज. त्याच खोलीत सुनंदानं कैरीच्या फोडी मीठ-हळद लावून पसरल्या होत्या. अॅल्युमिनियमचा कीस म्हणजे हलकी पिठीच. कूलरच्या वाऱ्यानं ती उचलली आणि घरभर वाटली.

"पापा," ईरा फोड हातात धरून म्हणाली, "अचार में ग्लिटर है."

सुनंदा आली, फोडींकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "लोक लोणच्यात मोहरी घालतात," ती म्हणाली. "तुम्ही इंजिन घाला."

सगळ्या फोडी गेल्या. त्या वर्षी आमच्याकडे लोणचं झालं नाही. ही पहिली लाज, आणि पुढच्या मानानं ही साखरपुड्याची लाज म्हणायची.

खरी चूक रेघेची. वाट किती मोठी करायची याला एक मर्यादा असते. हेड आणि कार्बोरेटर यांच्या मध्ये जे गॅस्केट, म्हणजे सांध्यातली पातळ चकती, बसतं, त्याच्या भोकाएवढीच. रीत अशी की धातूवर निळी शाई फासायची, वर गॅस्केट धरायचं आणि सुईनं कडेकडेनं ओरखडा काढायचा. सुईचा ओरखडा हलत नाही. निळी शाई लखनौभर कुठं मिळत नाही असं मी सगळ्यांना सांगितलं. प्रत्यक्षात लूमध्ये कोण शोधणार, म्हणून मी घराबाहेर पडलोच नव्हतो. देवघरात गेलो. तिथं पिंजरेचा, म्हणजे लाल कुंकवाचा, करंडा होता आणि खोबरेल होतं. दोन्ही कालवलं, काडीनं गॅस्केटच्या भोवती लाल रेघ ओढली. काय सुंदर दिसत होतं! एखाद्या देवाच्या कपाळी मळवट भरावा तसं. मी फोटो काढून मंडळाच्या ग्रुपवर टाकला. "मराठी पद्धतीनं इंजिनाचं पूजन आणि शस्त्रक्रिया." बेचाळीस अंगठे आले.

मग मी घासू लागलो. उन्हाळ्यात संस्था सकाळची असायची; दुपारी घरी आलं की रोज थोडं थोडं. घासलं की धातू तापायचा. धातू तापला की खोबरेल पातळ व्हायचं. वरून कूलरची ओल. ती रेघ गालावरच्या कुंकवासारखी हळूहळू बाहेर पसरत होती आणि मी तिच्यामागून जात होतो. रोज रेघेपर्यंत, रेघेच्या पुढं एक कणही नाही. मला तर अभिमान वाटत होता की एवढा मी, पण मर्यादा म्हणून कधी ओलांडत नाही! एकदा तरी ते गॅस्केट पुन्हा ठेवून पाहायचं. पण ते तेलकट झालं होतं, आणि समोर रेघ होतीच की.

एके दिवशी आवाज बदलला. ज्यानं धातू घासलाय त्याला हे कळेल. भरीव धातूत गोळी चालते तेव्हा खालच्या पट्टीत गुणगुणते. भिंत पातळ झाली की ती आवाज चढवते, पत्र्याच्या डब्यासारखी. ती मला सांगत होती. मी मोठ्यानं गात होतो. मग एकदम हाताला काहीच लागेना. दिवा आणून पाहिलं. आतल्या भिंतीला तिळाएवढं भोक, आणि त्यातून पलीकडच्या बोल्टच्या भोकातला उजेड माझ्याकडे बघत होता.

"काय झालं? थांबलात का?" सुनंदानं स्वयंपाकघरातून विचारलं.

"झालं! संपलं काम," मी म्हणालो. "अशी वाट झालीय की आतून चिमणी उडत जाईल."

भाजीत मीठ जास्त झालं तर बटाटा टाकता येतो. कापड कमी बेतलं तर पट्टी जोडता येते. पोर्टमधून काढलेला धातू मात्र चिमटीत गोळा करून परत ठेवता येत नाही. तो कूलरच्या वाऱ्यावर बसून लोणच्यात गेलेला असतो. त्यावर मी काय केलं? दोन ट्यूबमधला तो चिकट मसाला, बादली-टाकी सांधायचा, तो बोटानं दाबून भोक बुजवलं. वरून सँडपेपरनं घासून सारखं केलं. एवढ्यावर न थांबता सगळी आतली वाट आरशासारखी चमकवली. हीसुद्धा चूकच, हे नंतर कळलं. पेट्रोल आत शिरणाऱ्या वाटेला जरा खरबरीतपणा लागतो. आरशावर ते थेंब होऊन चिकटून बसतं, हवेत मिसळत नाही. पण त्या वेळी मला आतून स्वतःचा चेहरा दिसत होता, आणि तो मला आवडत होता.

लतावहिनी एकदा घरी आल्या होत्या, गाडी अजून उघडी असताना. दारातच थांबल्या. "भावजी, ह्यांनी तर हात लावू नगा म्हणलं हुतं ना?"

मी त्यांना बसवलं, पन्हं दिलं आणि एक कथा दिली. हिमालयात विरळ हवेत इंजिनं कशी गुदमरतात, माझ्या पद्धतीनं घासलेलं हेड कसं ढगातून प्राणवायू ओढून घेतं, आणि सुभेदार कसे मलिहाबादला पोचून आंबा खाऊन, कोय टाकायच्या आत घरी परततील. त्या ऐकत होत्या. पन्ह्याचा पेला दोन्ही हातांत धरून. शेवटी एवढंच म्हणाल्या, "मी नवी चप्पल घेतलीया, बागंत जायला." आणि हसल्या.

ते हसू मला अजून दिसतं. मी ते आरशासारखं चमकवलेलं पोर्ट विसरू शकतो, हे नाही.

सुभेदार जूनमध्ये आले. दशहरीनं बाजार भरून गेला होता, गल्लीच्या कोपऱ्यावर ठेल्यांवर पिवळे ढीग, माशा, भिजवलेली पोती. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली. मी माझं भाषण केलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, किक मारली. गाडी पहिल्या किकला सुरू झाली, हे माझं दुर्दैव. त्यांनी नुसता कान लावला, जरा मान तिरकी केली, आणि वहिनींना मागं बसवून निघाले. वहिनींनी एका हातानं पदर धरला होता, दुसऱ्यानं सुभेदारांचा खांदा.

त्या दुपारी आंधी आली. पश्चिमेकडून आकाश पिवळं झालं, मग तपकिरी. दारं आपटली, कुणाच्या तरी गच्चीवरची चादर उडत आमच्या पेरूच्या झाडात आली. संध्याकाळी निवळलं तेव्हा परांजपे काका आणि काकू महानगर मोहल्ल्यातून आले होते, पुढच्या आमरसाच्या कार्यक्रमाचं ठरवायला. चहा चालला होता. मी सांगत होतो की सुभेदार आज आंधीला मागं टाकणार. तेवढ्यात बेल वाजली. दोघं दारात. सुभेदारांच्या खांद्यावर दशहरीची पेटी.

"या, या!" परांजपे काका ओरडले. "बर्वे आम्हाला सांगतायत, रॉकेट केलंय म्हणे तुमच्या गाडीचं. आता तुम्ही सांगा खरं काय ते. कशी चालली?"

सगळे त्यांच्याकडे वळले. नेहमीसारखे. सुभेदारांनी पेटी खाली ठेवली. माझ्याकडे एकदा पाहिलं. त्यांच्या कपाळावर धूळ आणि घाम यांचा चिखल झाला होता.

"उडतीया," ते म्हणाले.

खोलीत कोणाला कळेना की हे कोण बोललं.

"काय सांगू काका. आंधी मागनं येत हुती. आमी... आमी फुडं. आंधी मागं ऱ्हायली. लता म्हनली, हळू चालवा, न्हायतर मी... पदर उडंल. झाडावरचे आंबे बी... वाऱ्यानं पडले. आमच्या वाऱ्यानं."

एवढं वाईट रचलेलं खोटं मी आजवर ऐकलेलं नाही. शाळेत पाठ केलेली कविता म्हणणाऱ्या पोरासारखे ते हात पाठीमागं बांधून उभे होते. पण घोरपडे बोलले होते! परांजपे काकांनी मांडीवर थाप मारली. "संपलं! बर्वे, आज तुम्हाला मानलं!" काकू हसून हसून ठसकल्या. सुनंदा माझ्याकडे अशा नजरेनं पाहत होती, की मी लग्नानंतर ती पहिल्यांदा पाहिली. तिला अभिमान वाटत होता.

मी वहिनींकडे पाहिलं. त्या आंबे पेटीतून परातीत काढत होत्या, एकेक पुसून. साडी गुडघ्यापर्यंत धुळीनं माखलेली. पायांत चप्पल नव्हती.

त्यांना सोडायला मी खाली गेलो. जिन्याखाली गाडी नव्हती. फाटकाबाहेर रिक्षा उभी होती.

"गाडी?" मी विचारलं.

"काकोरीच्या अलीकडं बंद पडली. फटफट करून. तिथल्या एका आटाचक्कीवाल्याच्या अंगणात ठेवलीया." सुभेदार हळू आवाजात म्हणाले, वर ऐकू जाईल म्हणून. "तोवर ढकलली. हिची चप्पल तुटली."

"आणि बाग?"

"न्हाय झाली. आंबे चौकातनं घेतले."

"मग वर असं का सांगितलंत?"

त्यांनी रिक्षाचा दांडा धरला. "तुमचं घर हाय दादा. वहिनी बसल्या हुत्या, पोरगी बसली हुती." आणि मग, खरंच विचारत होते ते, "जमलं का पन? मला तुमच्यावानी न्हाय येत."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं टेम्पोनं गाडी आणली. वाटेत ते शेतांकडे बघत राहिले. दोन दिवसांनी त्यांची सुट्टी संपली.

हेड उघडलं. पेट्रोलनं आणि उष्णतेनं तो मसाला खवल्यासारखा सुटून आत गेला होता, भोकातून हवा आत ओढली जात होती, आणि एक तुकडा व्हॉल्व्हखाली, म्हणजे वाटेच्या झडपेखाली, अडकून त्याची दांडी वाकली होती. लाटूश रोडमागच्या गल्लीत नफीसभाई म्हणून वेल्डिंग करणारे होते, तिकडं नेलं. हा माणूस बढाईत माझा चुलता निघाला. "साहब, हमने तो जहाज का हेड उड़ते-उड़ते वेल्ड किया है." मी एरवी यावर दुप्पट बोली लावली असती. त्या दिवशी म्हणालो, "जी." त्यांनीच चमकून वर पाहिलं. "तबीयत तो ठीक है?"

त्यांनी भोक भरलं, वाटेच्या तळाशी आणखी धातू चढवला, कारण मी ती नको तेवढी रुंद करून ठेवली होती. घाईत हेड नीट तापवून न घेता वेल्ड केलं, त्यानं ते जरासं वाकलं. मग ते पुन्हा सपाट करून घेतलं, व्हॉल्व्ह बदलला. भरलेला धातू दिसतो. कुणी कितीही घासला तरी त्याचा रंग वेगळा राहतो, बरी झालेली जखम दिसते तसा. बाकीचं मी घरी आणून केलं. या खेपेला सुईनं ओरखडा काढला. व्हॉल्व्ह जिथं टेकतो त्या बैठकीवर गोळी उडू नये म्हणून जुना व्हॉल्व्ह तिथं बसवून ठेवला. दर थोड्या वेळानं गॅस्केट लावून पाहिलं. भिंतीची जाडी वाकवलेल्या तारेनं चाचपली. आणि गाणं म्हटलं नाही. व्हॉल्व्ह घासून बसवल्यावर पोर्टमध्ये रॉकेल ओतून ठोकळा उलटा धरून बसलो, खालून थेंब गळतो का बघत. खिडकीबाहेर तेव्हा पावसाळी ढग जमत होते. सुनंदा येऊन शेजारी बसली. तीही थेंबाची वाट बघू लागली; खरं काय ते तिला मी अजून सांगितलं नव्हतं. थेंब आला नाही. पण मला त्यानं सुटल्यासारखं वाटलं नाही.

कारण मधल्या काळात एक वेगळंच मोडलं होतं, आणि ते नफीसभाईंच्या टॉर्चनं भरण्यातलं नव्हतं. मंडळात तो उडत्या गाडीचा किस्सा पसरला. जो तो आपापलं थोडं घालून सांगू लागला. मग कुणाला तरी शंका आली, आणि कुणी तरी म्हणालं, "घोरपडे पण काही कमी नाहीत हं! छुपे रुस्तम!" एकदा वर्गणीवरून वाद झाला. कुणी म्हणालं, घोरपड्यांना फोन लावा, ते असं असं म्हणाले होते. तर दुसरा हसून म्हणाला, "कोण, आंधीवाले?" सगळे हसले. परांजपे काकासुद्धा. "संपलं" कुणी म्हटलं नाही. त्या माणसानं आयुष्यभर एक दाणा वाढवून सांगितला नव्हता. जेवढी पत साठली होती ती त्यानं एका संध्याकाळी माझ्या दिवाणखान्यात, माझ्यासाठी खर्च करून टाकली.

आमरसाचा कार्यक्रम परांजपे काकांच्या गच्चीवर झाला. इथल्या शेजाऱ्यांना त्याचं फार नवल. "आम का जूस, पूड़ी के साथ?" म्हणून गच्चीगच्चीतून डोकी वर येतात. दशहरी संपत आला होता, चौसा सुरू झाला होता, रस थोडा पातळ होता आणि हापूसवाल्यांची रडारड नेहमीप्रमाणे सुरू होती. पुऱ्या येत होत्या. मी उभा राहिलो.

"ऐका. घोरपड्यांची गाडी उडाली नव्हती. मी हेड फोडलं होतं. पिंजरेची रेघ पसरली आणि मी तिच्यामागं घासत गेलो. भोक पडलं, ते मसाल्यानं बुजवलं. गाडी काकोरीला बंद पडली. दोघांनी ती ढकलली. ते खोटं बोलले ते माझ्यासाठी."

गच्ची हसण्यानं हादरली. "पिंजरेची रेघ! वा बर्वे!" परांजपे काका डोळे पुसत म्हणाले, "आता उलटी गोष्ट! यंदा नवीन फॅशन!" कुणी तरी शिटी मारली. माझ्या पानात रस वाढला गेला, बक्षीस म्हणून. मी पुन्हा सांगायला तोंड उघडलं तर आणखी हसले. ईरा लांबून म्हणाली, "पापा, बैठ जाओ ना प्लीज."

मी बसणार होतो. माझ्या सगळ्या आयुष्याचं ते चोख उत्तर होतं, आणि ते मला मान्य होतं.

तेवढ्यात पुऱ्या तळायच्या ठिकाणाहून लतावहिनी पुढं आल्या. हातात झारा तसाच. मान खाली.

"खरं सांगत्यात त्ये," त्या म्हणाल्या. "मी ढकलली गाडी. अनवाणी."

हसू असं थांबलं की तेलात पुरी फुगल्याचा आवाज आला. कुणी माझ्याकडे पाहिलं नाही. तेवढं तरी पाहायला हवं होतं, असं वाटलं. परांजपे काकांनी पंचा खांद्यावरून काढला, पुन्हा ठेवला. सुनंदा उठली आणि वहिनींच्या हातातला झारा घेतला.

मी वहिनींजवळ गेलो. काय बोलणार होतो, कोण जाणे. त्यांनीच कमरेला खोचलेला फोन काढला.

"दर फोनला इचारत्यात," त्या म्हणाल्या. "कुनी गाडीचं काय इचारलं का म्हनून. कुनी इचारलं तर फुडं काय सांगायचं, ते अजून त्येस्नी सुचंना झालंय. जेवान जात न्हाय त्येंचं." नंबर लावून फोन माझ्या हातात दिला. "तुमीच सांगा."

पलीकडे वारा होता. खूप उंचावरचा.

"सुभेदार," मी म्हणालो. "मी सांगितलं सगळ्यांना. काय झालं ते."

मला वाटलं लाइन तुटली.

"इश्वास ठिवला?"

"वहिनींवर ठेवला."

वाऱ्यातून एक लांब श्वास आला, डोंगरावरून ओझं उतरवून ठेवल्यासारखा.

"बेस झालं," ते म्हणाले. "मग मी आता जेवून घेतो, दादा."